एलिझाबेथ फार्म : एका शेतघराचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासात आपण किल्ले, राजवाडे आणि तहनामे यांत इतके रमतो की, शेतावरच्या साध्या घराकडे आपले लक्षच जात नाही. वास्तविक वसाहतीचे खरे चरित्र अशा घरातच उलगडते. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॅरामॅटा येथे असलेले 'एलिझाबेथ फार्म' हे असेच एक घर होय.

१७९३ साली न्यू साउथ वेल्स पलटणीतील अधिकारी जॉन मॅकार्थर यास येथे १०० एकर जमीन सरकारकडून मिळाली. तिला त्याने पत्नीचे नाव दिले आणि विटांचे बैठे घर बांधले. लांबी ६८ फूट, रुंदी १८ फूट, चार खोल्या आणि तळघर. पुढे त्यास व्हरांडे जोडले गेले; हा शब्द इंग्रजीत आपल्याच देशातून गेला आहे. पण ती जमीन देण्याचा सरकारला अधिकार तरी काय होता? तेथे बरामट्टगल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पॅरामॅटा हे नावही त्यांच्याच भाषेतले. शेतावर राबले ते इंग्लंड-आयर्लंडमधून हद्दपार केलेले कैदी.

या शेताचा हिंदुस्थानशी आणखी एक संबंध आहे. मॅकार्थरच्या कळपाची सुरुवात कलकत्त्याहून आलेल्या ६० बंगाली मेंढ्यांनी झाली. त्यांच्या अंगावर लोकरीऐवजी केसच अधिक! आयरिश मेंढ्यांशी संकर केल्यावर कोकरांना केस व लोकर अशी मिश्र वाढ आली. १७९७ मध्ये केपहून मेरिनो मेंढ्या आल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकरधंद्याचा पाया पडला.

त्याचे श्रेय मात्र एकट्या जॉनला देण्याची रीत पडली. १९६६ साली निघालेल्या दोन डॉलरच्या नोटेवर त्याचे व मेरिनो मेंढ्याचे चित्र होते. वस्तुस्थिती पाहा. वरिष्ठाशी द्वंद्वयुद्ध केल्यामुळे तो १८०१ ते १८०५ देशाबाहेर. १८०८ च्या बंडात गव्हर्नर ब्लायला पदच्युत करण्यात पुढाकार घेतल्यामुळे १८०९ ते १८१७ पुन्हा बाहेर. ही सुमारे बारा वर्षे मुले, मजूर, कळप आणि हिशेब एलिझाबेथने सांभाळले. घरावर नाव तिचे, नोटेवर चेहरा त्याचा!

जॉन १८३४ मध्ये वारला, ती १८५० मध्ये. पुढे घर मोडकळीस आले. १९०४ साली एका कुटुंबाने ते विकत घेऊन वाचविले. १९८४ पासून तेथे संग्रहालय आहे. आतील सामान बहुतेक नकला असल्याने खुर्च्यांवर बसायलाही मनाई नाही.