कोईमतूरला जाण्याआधी

बाबू,

परवा तू फोनवर विचारलंस, ऑक्टोबरात कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर गाडी पळवायला जातोय, मामा, स्लिक टायर घेऊ का? मी म्हटलं, लिहून कळवतो. ही दोन मिनिटांत सांगायची गोष्ट नाही. रिसोडच्या आपल्या दुकानात आता गिऱ्हाईक येतं ते ट्रॅक्टरचं, नाहीतर समृद्धी महामार्गावर चढण्याआधी हवा तपासून घेणारं. पण नव्वदच्या दशकात पुण्याच्या एका रेसिंग टीमबरोबर मी टायर फिटर म्हणून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला सहा हंगाम गेलो, हे तुला ठाऊक आहे. तिथे हाताला जे कळलं तेच सांगतो.

पहिल्या वर्षी स्लिक, म्हणजे बिननक्षीचा गुळगुळीत टायर, घेऊ नकोस. पैशासाठी म्हणत नाही. रस्त्याचा टायर सुटण्याआधी ओरडतो. वळणात चीं करतो, स्टिअरिंग हातात हलकं पडतं, आणि मग हळूहळू घसरतो. नवशिक्याला तेवढा वेळ मिळतो, चूक कुठे झाली ते कळतं. स्लिक गप्प असतो. तो तुझ्या चुका पोटात घालतो, घालतो, आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. तोवर तुझा वेगही वाढलेला असतो.

म्हणून आधी चांगला रस्त्याचा टायर, मग सेमी-स्लिक, मग स्लिक. बऱ्याच टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ लिहून पुढे आकडा असतो. घरच्या गाडीचा टायर तीनशे-चारशेच्या पुढे. हौशी लोकांच्या शर्यतीत जगभर 200 चा आकडा खूप चालतो. सेमी-स्लिक 100 च्या आसपास किंवा त्याखाली. आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ आणि तितकं लवकर झिजणारं. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे दोन टायर त्यावर ताडून बघ, दोन कंपन्यांचे नको. पहिल्या दोन-तीन खेपांना 200 वाला तुला भरपूर होईल.

आपल्याकडे गुळगुळीत टायर म्हटलं की लोक घाबरतात, आणि रस्त्यावर ते बरोबरच आहे. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की तो बदलायचा, असा कायदाच आहे. पण नक्षी असते कशाला? पाणी बाहेर फेकायला. काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला चांगली उंच नक्षी लागते, कारण त्याला मातीत रुतून ढकलायचं असतं. कोरड्या डांबरावर तसलं काही नको. तिथे नक्षीची प्रत्येक खाच म्हणजे जमिनीला न टेकलेलं रबर. शिवाय नक्षीचे तुकडे वळणात लवलवतात आणि तापतात. म्हणून स्लिकला नक्षीच नाही. खालची जमीन कशी आहे हे बघून टायर निवडायचा, ट्रॅक्टरचा काय आणि शर्यतीचा काय.

आता उष्णतेचं. समृद्धीवर टायर फुटतात ते बहुतेक हवा कमी असलेले किंवा जुनाट. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते-उठते आणि आतून भाजून निघते. रस्त्याच्या टायरला उष्णता मारते. स्लिकचं उलटं आहे, तो उष्णतेवरच जगतो. साधारण 80 ते 100 अंशांना त्याचं रबर चिकट होतं. त्याखाली तो दगड. पिटमधून निघाल्यावर पहिला लॅप, कधी दुसराही, टायर तापवण्यात घालवायचा. त्या वेळी कोणी मागून पुढे गेलं तर जाऊ दे.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. घरात मी ती कोणालाच सांगितलेली नाही. तिसऱ्या हंगामात टीमच्या मालकाने दुसरीकडून चार वापरलेले स्लिक स्वस्तात आणले. काळे कुळकुळीत. झीज दाखवणारी बारीक भोकं अजून खोल होती, बघणाऱ्याला ते नवेच वाटावेत. रिमवर चढवताना मी अंगठ्याचं नख दाबलं. ताज्या स्लिकमध्ये नख रुततं आणि खूण राहते. इथे नख घसरलं. मला तिथेच कळलं. पण मी सगळ्यांत धाकटा, मालकापुढे बोलायची छाती झाली नाही. मी गप्प बसून नट आवळले. गाडी चालवणारा पोरगा पिटमधून निघाला आणि पहिल्याच लॅपच्या दुसऱ्या वळणावर गाडी गर्रकन फिरून टायरच्या भिंतीवर गेली. खांद्याचं हाड मोडलं. तो वाचला, पण त्या हंगामात परत गाडीत बसला नाही. तेव्हापासून टायर सायकलचा असो की ट्रॅक्टरचा, नख दाबल्याशिवाय मी चढवत नाही, आणि जे कळतं ते तोंडाने बोलतो.

त्या टायरचं काय झालं होतं ते समजून घे. स्लिक एकदा तापून थंड झाला की एक हीट सायकल झाली. दर सायकलला रबर थोडं थोडं कडक होत जातं. जाडी शिल्लक राहते, पकड जाते. म्हणून वापरलेला स्लिक घेताना किती झिजला हे विचारू नकोस, किती वेळा तापला ते विचार. बाजूवर तारखेचे चार आकडे असले तर वाच. 2223 म्हणजे 2023 सालचा बाविसावा आठवडा. निव्वळ शर्यतीच्या टायरवर ते नसतातही, मग नख आणि मिळाला तर रबराचा कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर. विकणारा सायकलींचा हिशेब देऊ शकत नसेल तर टायर कितीही स्वस्त असो, सोड.

मापातही लोक फसतात. तुझ्या टायरवर 195/55 आर15 असं असतं, त्यातले 55 म्हणजे रुंदीच्या शेकडा पंचावन्न उंची. स्लिकवर 200/580 आर15 असं दिसेल. तिथला 580 म्हणजे टायरचा पूर्ण व्यास, मिलिमीटरमध्ये. तुझ्या टायरचा व्यास साधारण 595 येतो, म्हणजे हा जोड जवळपास बसतो. रिमची रुंदी किती हवी हे कंपनीच्या तक्त्यात बघ. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की मधोमध फुगतो आणि कडा उपाशी राहतात.

हवेच्या बाबतीत मात्र घाई करू नकोस. खरी करामत इथेच आहे. टायर दहा अंश तापला की हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. सकाळी तीस अंशांना भरलेली हवा टायर ऐंशीला गेला की सातेक पीएसआयने चढलेली असते. म्हणून थंड हवेचा आकडा धरून बसायचं नाही. कंपनी गरम टायरची हवा किती हवी ते सांगते, तिथून मागे मोजायचं. पाच-सहा लॅप मारून आलास की हँडब्रेक न ओढता थांब आणि लगेच मोज. उष्णता मोजणारा सुईवाला पायरोमीटर मिळाला तर प्रत्येक टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन जागी टोचून बघ. बंदुकीसारखा लांबून मोजणारा फक्त वरची कातडी मोजतो आणि ती लगेच थंड होते. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा जास्त तापल्या तर हवा कमी. फक्त बाहेरची कड भाजली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, बघायला लागेल. आमच्या वेळी यंत्र एकच असायचं, म्हणून आम्ही टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा ओढायचो. गाडी परत आली की खडू कुठवर पुसला ते बघायचं. बाजूवरचा खडू पुसला म्हणजे टायर लोळतोय, हवा कमी. ते आजही चालतं.

टायर किती मोठी गोष्ट आहे ते 2005 साली इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत साऱ्या जगाने पाहिलं. तिथल्या बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकणार नाहीत असं दिसल्यावर चौदा गाड्या सुरुवातीची फेरी मारून पिटमध्ये परतल्या. ब्रिजस्टोनच्या सहाच गाड्या पळाल्या. त्यात आपला नरेन कार्तिकेयन चौथा आला आणि भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले गुण मिळाले. त्या चौदा गाड्या परत आणणाऱ्यांना किती शिव्या पडल्या असतील! पण त्या रात्री कोणाच्या घरी वाईट फोन गेला नाही.

पावसाचं विसरू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो. ओल्या ट्रॅकवर स्लिक पाण्यावर तरंगतो, ब्रेक मारून काही होत नाही. पुढे कधी स्लिक घेतलास तरी रस्त्याचे चारही टायर सोबत ठेव, घरीही त्यांच्यावरच यायचंय. आणि जास्त पकड आली की तिचा भार बाकी गाडीवर येतो. लांब वळणात तेल एका बाजूला जाऊन इंजिन कोरडं पडतं. आधी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, बेअरिंग बघ. नट पाना लावून अंदाजाने आवळू नकोस, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळ, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा बघ.

माझा जुना पितळी गेज कुरिअरने पाठवतोय. त्याच्या बाजूला हवा सोडायचं बटण आहे, ते थोडं कडक झालंय, हळू दाब. सोबत शंभर पानी वही आहे. पहिल्या पानावर मी चार चाकांचे रकाने आखून दिलेत: थंड हवा, गरम हवा, आतलं, मधलं, बाहेरचं. दिवाळीला येताना ती भरून आण. जेवणं झाली की अंगणात बसून बघू.

तुझा मामा
रिसोड