एकपानी तक्त्याची पीडीएफ : विलंबाची कारणे व उपाय

बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे खानदेशातील विद्येचे व व्यापाराचे जुने केंद्र आहे. १९४५ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातूनच पुढे 'विप्रो' हा संगणक क्षेत्रातील उद्योगसमूह उभा राहिला. त्याच अमळनेर तालुक्यात आज ग्रामपंचायतीची कर आकारणी असो वा शाळेचे निकालपत्रक, बरेचसे काम संगणकावरील एक्सेल शीटमध्ये होते आणि तयार झालेले पान पीडीएफ करून पाठविले जाते.

हे पान एकच असते, तरीही त्याची पीडीएफ होण्यास कधी कधी पाच-दहा मिनिटे लागतात. नमुना क्रमांक ८ चा उतारा घेऊन तालुक्याच्या गावी जावयास निघालेल्या मारवडच्या किंवा पातोंड्याच्या ग्रामस्थाची एस.टी. तेवढ्यात निघून जाते आणि त्याचा दिवस वाया जातो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभांपूर्वी जमाखर्चाची पाने तयार करतानाही हाच अनुभव येतो. अशा वेळी "संगणक जुना झाला" असा निष्कर्ष काढून नव्याची मागणी नोंदविली जाते. पुष्कळदा ती अनाठायी असते. नव्या संगणकावर तीच फाईल उघडली, की तीच रखडपट्टी पुन्हा सुरू होते.

म्हणून प्रथम दोष कोठे आहे हे ठरविणे इष्ट. हवे असलेले एक पान निवडून ते नव्या, कोऱ्या फाईलमध्ये 'पेस्ट स्पेशल'मधील 'व्हॅल्यूज' या पर्यायाने उतरवावे व त्याची पीडीएफ करून पाहावी. ती क्षणात झाली, तर दोष जुन्या शीटमध्ये आहे असे समजावे. तीही रखडली, तर प्रिंटरकडे अथवा संगणकाकडे वळावे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे.

न दिसणाऱ्या ओळी

२००७ पूर्वीच्या एक्सेलमध्ये एका शीटला ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ असत. २००७ च्या आवृत्तीपासून ओळी १०,४८,५७६ व स्तंभ १६,३८४ झाले. म्हणजे एकाच शीटमध्ये सुमारे १,७१८ कोटी सेल सामावतात. गावची घरे पाचशे असली, तरी आखणी किंवा सूत्र खाली ओढताना हात शेवटच्या ओळीपर्यंत गेला, की त्या सर्व ओळी वापरात असल्याची नोंद फाईलमध्ये होते. कागदावर पान एकच उमटते, कारण छपाईची कक्षा तेवढीच ठरविलेली असते. परंतु फाईल उघडताना, हिशेब करताना आणि मांडणी ठरविताना संगणकास हा सारा भार वाहावा लागतो.

याची ओळख सोपी आहे. 'कंट्रोल' व 'एंड' या कळा एकत्र दाबाव्यात. कर्सर तक्त्याच्या अखेरच्या नोंदीवर न थांबता कित्येक हजार ओळी खाली गेला, तर रोग सापडला. फाईलची एक प्रत बाजूस ठेवून तक्त्याखालील सर्व ओळी निवडाव्यात व उजव्या क्लिकने येणाऱ्या 'डिलीट'ने काढून टाकाव्यात. कळफलकावरील 'डिलीट' ही कळ येथे उपयोगी नाही. ती फक्त मजकूर पुसते, आखणी तशीच ठेवते. उजवीकडील रिकाम्या स्तंभांबाबतही हेच करावे, मग फाईल जतन करून पुन्हा उघडावी. 'पेज लेआउट'मधील 'प्रिंट एरिया' ही कक्षाही नव्याने तपासून घ्यावी.

शिक्के, बोधचिन्हे आणि इतर पाहुणे

मोबाईलवर काढलेले सहीचे किंवा शिक्क्याचे छायाचित्र अनेकदा तसेच शीटमध्ये चिकटविले जाते. अशा छायाचित्रात ४,००० गुणिले ३,००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असू शकतात. पानावर ते तीन सेंटिमीटर रुंदीचेच दिसावयाचे असेल, तर त्यास सुमारे पाचशेपट कमी बिंदू पुरेसे होतात. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' हा पर्याय वापरून चित्र हलके करावे. संकेतस्थळावरून तक्ता उचलताना चिमुकली, अदृश्य चित्रेही सोबत येतात व दरमहा नक्कल करताना ती वाढत जातात. 'गो टू स्पेशल'मधील 'ऑब्जेक्ट्स' निवडल्यास ती सारी उघडी पडतात. मात्र शिक्का त्यांच्याबरोबर पुसला जाणार नाही, याकडे लक्ष असावे.

बंद प्रिंटरची प्रतीक्षा

पीडीएफसाठी कागद लागत नाही, तरीही पानाची मांडणी ठरविताना एक्सेल संगणकाच्या मुख्य प्रिंटरच्या चालकप्रणालीचा सल्ला घेते, ही बाब फारशी कोणास ठाऊक नसते. तो प्रिंटर दुसऱ्या खोलीत जाळ्यावर जोडलेला आणि बंद असेल, तर उत्तराची वाट पाहण्यात वेळ जातो. विंडोज १० पासून उपलब्ध असलेला 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा मुख्य प्रिंटर म्हणून नेमून पाहावा.

याशिवाय, हलविलेल्या वा जुन्या फाईलींशी जोडलेली सूत्रे 'डेटा'मधील 'एडिट लिंक्स' येथे सापडतात. एका पानाऐवजी चुकून संपूर्ण वर्कबुकची पीडीएफ होत नाही ना, हेही पाहावे.

वैतागून काही ठिकाणी पान छापून ते स्कॅन केले जाते. हा उपाय नव्हे. स्कॅन केलेल्या पानात अक्षरे उरत नाहीत, केवळ चित्र उरते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नोंदी खुल्या ठेवावयाच्या, पण त्यात नागरिकास स्वतःचे नाव शोधता येऊ नये, असा विचित्र प्रकार त्यातून होतो. शीटमधील मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर तिच्यापासून थेट केलेल्या पीडीएफमध्ये नाव शोधण्याची सोय बऱ्याच अंशी टिकते.

शीट फुगण्याचे मूळ बहुधा वार्षिक नकलेत असते. गतवर्षीची फाईल घ्यावयाची, आकडे पुसावयाचे व नवे भरावयाचे, या रीतीने दहा वर्षांचा केर पुढे सरकतो. १ एप्रिलला नव्या आर्थिक वर्षाची नोंद सुरू करताना कोऱ्या शीटवर एकदाच बांधलेला नमुना घ्यावा आणि त्यात जुन्या फाईलमधील केवळ आकडे व नावे उतरवावीत. पाचशे घरांच्या गावाला या कामास एक दुपार पुरते.