पेशींचा हिशेब आणि अकरावीचे गणित

जांब समर्थच्या पंचक्रोशीतील ज्या पालकांनी, मुलीला नीट द्यायची आहे तेव्हा गणित सोडून जीवशास्त्रच ठेवावे, असा निर्णय जवळजवळ कायम केला असेल, त्यांनी प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आजचे जीवशास्त्र गणितावाचून कसे अडते, हे पेशींच्या अभ्यासावरून पाहू. शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच एकच असला, तरी त्यांतील कोणती जनुके जागी आहेत हे पेशीगणिक बदलते. पूर्वी कर्करोगाच्या गाठीचा तुकडा वाटून तपासला जाई आणि हाती केवळ सरासरी येई. गावाचे एकूण क्षेत्र कळावे, पण कोणाच्या सातबाऱ्यावर कोणते पीक आहे ते कळू नये, तशी ती अवस्था होती. २००९ साली एकाच पेशीतील आरएनएचे, म्हणजे जाग्या जनुकांच्या प्रतींचे, वाचन प्रसिद्ध झाले. आज विकरांनी सुट्या केलेल्या पेशी तेलातील सूक्ष्म थेंबांत एकेक कोंडून, प्रत्येकीच्या आरएनएला निराळी खूण लावून, हजारो पेशींची नोंद एकदम घेता येते. रक्ताच्या कर्करोगात औषधाला न जुमानता मागे उरणाऱ्या पेशी कोणत्या, हे त्यातूनच शोधले जाते. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या ज्या नेक्सकार-१९ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्या जातीच्या उपचारांत रुग्णाच्याच रक्तातून काढून, बदल करून त्याला परत दिलेल्या टी-पेशींपैकी कोणत्या टिकतात, याचाही तपास जगभर याच मार्गाने चालतो.

मात्र यंत्रातून अखेर बाहेर पडतो तो आकड्यांचा तक्ता: सुमारे वीस हजार जनुकांच्या ओळी, हजारो पेशींचे रकाने, आणि बहुतेक घरांत शून्य. ते शून्य जनुक निजलेले असल्याचे, की मापनातून निसटल्याचे, याचा निवाडा संख्याशास्त्रावाचून होत नाही. म्हणूनच येथे गणित जाणणारा जीवशास्त्रज्ञ हवा असतो.

अशा शिक्षणासाठी पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) संस्था आहेत; त्यांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिकी व गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. पुढे पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था किंवा टाटा स्मारक केंद्राचे खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक येथे पीएचडी करता येते. वाट लांब आहे, हे पालकांपासून लपवू नये: पाच वर्षांच्या पदवीनंतर साधारण तितकाच काळ संशोधनात जातो, पण नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी (जेआरएफ) पात्र ठरल्यास त्या काळात आरंभी दरमहा ३७,००० रुपये वृत्ती मिळते. एमबीबीएसनंतर विकृतिशास्त्राकडून येणाऱ्यांनाही हे दार मोकळे आहे.

तेव्हा गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय एकत्र घेण्याची सोय जवळच्या महाविद्यालयात आहे की नाही, याची चौकशी तेथील कार्यालयात जाऊन आधीच करावी, आणि नसल्यास जालन्याला राहण्याची तजवीज वेळेवर करावी.