ताकदीची गोळी नंतर, आधी बीपी आणि शुगर

टिटवाळा लोकलच्या डब्यात दाराजवळच्या पत्र्यावर चिकटवलेली पत्रकं तुम्ही पाहिली असतील : ‘कमजोरी, नामर्दी, खात्रीशीर इलाज.’ चारचौघांत त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण त्यावरचा फोन नंबर पुष्कळांनी लावून पाहिलेला असतो. असे एक-दोन ‘इलाज’ करून, पैसे घालवून मग पुरुष डॉक्टरकडे येतात, तेही अ‍ॅसिडिटीचं निमित्त काढून. औषधाची चिठ्ठी खिशात घालून उठता उठता खालच्या आवाजात विचारतात, “डॉक्टर, एखादी ताकदीची गोळी लिहून देता का?”

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे विचारलं की मी त्याला परत खुर्चीत बसवतो आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधतो. कारण लिंगाला पुरेसा ताठरपणा न येणं ही बहुतेकदा मर्दानगीची नव्हे, तर रक्तवाहिन्यांची तक्रार असते.

इटलीतल्या मिलान शहरातले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रान्चेस्को माँटॉर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. छातीत दुखतं म्हणून दाखल झालेल्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे सापडलेल्या ३०० रुग्णांना त्यांनी लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं. जवळपास निम्म्यांना ताठरपणाची तक्रार होती. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना ती हृदयाच्या त्रासाआधीच सुरू झाली होती, सरासरी तीन वर्षं आधी. याचं कारण साधं आहे. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. घरातही बारीक नळीच आधी चोंदते. शरीराने तीन वर्षं आधी दिलेली ही सूचना लाजेपोटी वाया घालवू नका.

मग काय करायचं? उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल आणि बीपी तपासून घ्या. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं, तर रक्त सकाळीच द्या, कारण तेव्हा त्याची पातळी सर्वांत जास्त असते. पहाटे झोपेतून उठताना ताठरपणा येतो का, हेही मोकळेपणाने सांगा. येत असेल तर मनावरचा ताण हे कारण असण्याची शक्यता जास्त. येतच नसेल तर शरीरातलं कारण शोधावं लागतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. तसं वाटलं तर गोळी मनाने बंद करू नका, बदलून मागा.

नुसत्या राहणीनेही फरक पडतो. नेपल्सच्या कॅथरिन एस्पोझितो यांनी २००४ साली ही तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांचा अभ्यास मांडला. निम्म्यांना दोन वर्षं आहार आणि व्यायामाचं नेमकं मार्गदर्शन दिलं, उरलेल्यांना फक्त सर्वसाधारण माहिती. पहिल्या गटातल्या १७ जणांचा त्रास गेला, दुसऱ्यातल्या तिघांचा. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्याला व्यायामाला वेळ कुठला, हे मला ठाऊक आहे. पण आठवड्यातून चार वेळा चाळीस मिनिटं भरभर चालणं जमवा. घर ते स्टेशन रिक्षा सोडलीत तर त्यातला बराचसा हिशेब तिथेच भरून निघेल. तंबाखू आणि सिगारेट मात्र पूर्ण बंद.

राहिली गोळी. ताठरपणासाठीचं सिल्डेनाफिल हे औषध १९९८ पासून वापरात आहे आणि योग्य माणसाला ते चांगलं लागू पडतं. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी ते घेतलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवही जाऊ शकतो. जाहिरातीतल्या ‘जडीबुटी’च्या पुड्या म्हणून तर जास्त धोक्याच्या : अशा कित्येक ‘नैसर्गिक’ औषधांत अमेरिकेच्या औषध नियामकांना लपवून मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलं आहे. पुडीवर ते लिहिलेलं नसतं.

विशी-पंचविशीतल्या मुलांसाठी एवढंच : स्वप्नात वीर्य जाणं किंवा हस्तमैथुन याने अशक्तपणा येत नाही. त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका.

आणि लाज कसली? परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा केला. या विषयातल्या कामासाठी सरकारने त्यांना २००२ साली पद्मश्री दिली. हा विषय इतर आजारांसारखाच दवाखान्यात बोलायचा आहे.

तेव्हा पत्रकावरचा नंबर सोडा. या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्या, आणि ही तक्रार उठता उठता नव्हे, बसल्या बसल्या सर्वांत आधी सांगा. जमलं तर पत्नीलाही सोबत न्या.