मूर्ती मूळची कुठली?

बैल विकत घेताना आपण काय विचारतो? बैल कुणाचा? कुठल्या गावचा? दाखला आहे का? मालक ठाऊक नसलेला बैल शहाणा माणूस दावणीला बांधत नाही. जुन्या मूर्तीचेही तसेच आहे. ती मूळची कुठली, कुणाकुणाच्या हातून आली, हे आधी तपासावे लागते.

तामिळनाडूत अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंतन नावाचे खेडे आहे. तिथल्या शिवमंदिरात नटराजाची ओतीव मूर्ती होती. चोळ राजांच्या काळातली, सुमारे ९०० वर्षांची. देऊळ बहुधा बंदच असे. २००६ साली चोरांनी मूर्ती पळवली. दोन वर्षे कुणाला पत्ताच नाही!

तोवर मूर्ती न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडे पोचली होती. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ५० लाख डॉलरांहून अधिक किंमत मोजून ती घेतली. मग त्यांनी कागद पाहिले नाहीत का? पाहिले की! कागदावरून दिसत होते की, मूर्ती १९७२ च्या आधीच भारताबाहेर गेली. आता १९७२ हेच साल का? त्या साली आपल्याकडे पुरातन वस्तूंचा कडक कायदा झाला. त्या कायद्याने खाजगी माणसाला अशी वस्तू परदेशी धाडता येत नाही.

पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ साली त्याच देवळात त्या मूर्तीचा फोटो काढून ठेवला होता. १९७२ पूर्वी परदेशी गेलेली मूर्ती १९९४ साली देवळात कशी? कागद खोटा ठरला. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीला येऊन मूर्ती परत दिली.

यावरून आपण दोन गोष्टी शिकू. एक, कागदावर लिहिलेले सारेच खरे नसते. वाचता येऊ लागले, आता ताडून पाहायलाही शिकले पाहिजे. दुसरी, खरी नोंद देवाचेही रक्षण करते. म्हणून आम्ही सांगतो, गावच्या देवळातल्या प्रत्येक जुन्या मूर्तीचा फोटो काढा. मागे उंची, तारीख आणि एखादी खूण लिहा : बोट तुटलेले, पाठीला भेग, जे असेल ते. एक प्रत देवळात ठेवा, एक ग्रामपंचायतीत. लिहायला कोण? आपणच!

प्रश्न
१. कागद खोटा आहे हे कशावरून कळले?
२. १९७२ च्या आधीचेच साल कागदावर का दाखवले असेल?
३. आपल्या गावच्या एका मूर्तीची नोंद चार ओळींत लिहा.