सूर्य, सावली आणि आपली मुले

असरची वेळ कशी ओळखतात, हे आपल्या मुलाला विचारून पाहा. ‘मोबाईलवर अजान वाजते’ असेच उत्तर बहुधा येईल. वास्तविक ती वेळ सावली ठरवते. मगरिब सूर्यास्ताशी आणि रमजान चंद्रदर्शनाशी बांधलेला आहे. ज्याची इबादतच आकाशाशी जोडलेली, त्या बालकाने आकाशाकडे पाहूच नये, ही हानी केवळ डोळ्यांची नव्हे.

ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका लहानशा पाखराशी खेळत असे. ते मेले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या खिन्न बालकाजवळ पाखराची विचारपूस केली, असे हदीसग्रंथांत आहे. मुलाची पाखरावरील माया त्यांना क्षुल्लक वाटली नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली एक प्रथा सुरू झाली. सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद राहतात. नांदेड-लातूरच्या आपल्या मोहल्ल्यांत मगरिबची अजान रोजच होते. वेगळा भोंगा कशाला? मात्र मोबाईल आधी वडिलांनी खाली ठेवावा. (आई-वडिलांना हे कटू वाटेल.)

येत्या रविवारी गच्चीवर हातभर काठी उभी करा. माध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मुलालाच मोजू द्या. ती चार बोटे भरली, तर हनफी मतानुसार सावली दोन हात चार बोटे झाली की असर. शाफई मतानुसार एक हात चार बोटांवरच. ऊन कडक असते, मुलाच्या डोक्याला रुमाल बांधा.