एसी थंड करत नाही? गॅसची टाकी शेवटी उघडा

मार्च उजाडला की कोल्हापुरातल्या फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानांत फोन वाजू लागतात. बहुतेकांचे म्हणणे एकच असते : "एसी चालतो, पण थंड करत नाही. गॅस भरून द्या." रोगही गिऱ्हाईकानेच ठरवलेला आणि औषधही! आपल्या समाजातील कितीतरी तरुणांची घरे या धंद्यावर चालतात, म्हणून यावेळी आम्ही हा एकच बिघाड घेतला आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. खोलीतली उष्णता आतल्या कॉइलमध्ये उचलतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. आणि गळती नसेल, तर दोष गॅसचा नाही.

म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर टाकी जिन्यातच ठेवावी आणि प्रथम रिमोट हातात घ्यावा. तो 'कूल'वर आहे की नुसत्या पंख्यावर? १ जानेवारी २०२० नंतरचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले येतात. जुन्या १८ अंशांची सवय असलेल्याला तोच बिघाड वाटतो. मग जाळी काढून पाहावी. ती धुळीने भरली असेल तर हवा कॉइलवर पोहोचत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि खोली गरम राहते. बर्फ दिसला की 'गॅस कमी' म्हणून मोकळे होऊ नये; गॅस कमी असला तरी बर्फ येतो आणि हवा कमी असली तरी येतो. एसी बंद करून बर्फ वितळू द्यावा, जाळी धुवावी, मग पुन्हा पाहावे.

साधा थर्मामीटर जवळ असू द्यावा. एसीत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडत असेल, तर मशीन ठीक आहे. मग खोली मोठी आहे, गच्चीचे ऊन उतरते आहे किंवा दार उघडे राहते आहे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे.

खरे काम बाहेरच्या युनिटमध्ये असते. शिरोली किंवा उद्यमनगरच्या आसपास फाउंड्रीची धूळ कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत अशी बसते की हवा जायला फट उरत नाही. वीज बंद करून, पत्रे न वाकवता, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावे. नुसत्या या धुण्याने कितीतरी एसी सुधारतात. पैसे कमी मिळतात, हे आम्ही कबूल करतो.

बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर गुणगुणून बंद पडतो, असे असेल तर साध्या एसीत कॅपॅसिटर तपासावा. पण व्होल्टेज आधी पाहावे. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार राहतो. तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय हात लावू नये. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या युनिटमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि मुंग्यांची वारुळेही सापडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेली युनिटे अजून कुठे वापरात असतील, तर त्यांचे सर्किट आणि वायरींचे सांधे गंजले आहेत का हेही पाहावे.

मध्यंतरी राजारामपुरीतल्या एका घरी आम्ही गेलो. तीन उन्हाळे, तीनदा गॅस, तीनदा बिल. बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हजवळ बोटाला तेलकट डाग लागला. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे. फ्लेअर नट ढिला होता आणि आतल्या नळीचे टोक चिरले होते. टोक कापून नवे केले, नायट्रोजनने दाब तपासला, व्हॅक्यूम केला आणि वजनकाट्यावर गॅस भरला. घरातल्या काकूंनी विचारले, "म्हणजे आधीचे पैसे पाण्यातच गेले का?" उत्तर द्यायला आम्हांला जड गेले. त्या घरात आता कोणत्याही मेकॅनिकवर पटकन विश्वास बसणार नाही, आमच्यावरही.

गळती शोधण्यासाठी ऑक्सिजनची टाकी कधीही लावू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो. जुना आर-२२ जळणारा नव्हता. पण नव्या एसीतला आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर प्रोपेनच आहे. अशा ठिकाणी गॅस सुरक्षित काढून, खिडक्या उघडून, मगच टॉर्च पेटवावी. आर-४१०ए मिश्रण आहे. तो द्रवरूपातच भरावा. कोणता गॅस, किती वजनाचा, हे युनिटच्या पाटीवर लिहिलेले असते. एकात दुसरा मिसळू नये. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत असल्याने नुसत्या गेजवरून अंदाज चुकतो. तेथे वजनाचाच आधार घ्यावा.

बिलावर गॅसचे नाव, भरलेले ग्रॅम आणि गळती कुठे सापडली, हे लिहून द्यावे. गळती सापडली नसेल तर तसेच लिहावे आणि गॅस भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे.